छताला लावलेलं विरजण

सासू आपल्याकडेच राहावी म्हणून भांडणारी सून आमच्या गावात कुणी पाहिली नव्हती. मी भांडले. तेही भासऱ्यांशी, भर अंगणात. नवऱ्याच्या थोरल्या भावाला आमच्याकडे भासरे म्हणतात, आणि त्यांच्यापुढे पदर सावरून हळू आवाजात बोलायचं असतं. माझा पदर जागेवर होता, आवाज मात्र नव्हता. शेजारीण कुंपणापाशी सूप घेऊन उभी राहिली होती आणि त्याच त्या मूठभर तांदळातले खडे बराच वेळ वेचत होती.

भांडणाचं मूळ माकडांत होतं. आमचं घर आधी कवेलूंचं, म्हणजे कौलांचं होतं. सिंदेवाही-नागभीड पट्ट्यातल्या कुठल्याही गावात जा, माकडं कवेलूंवर नाचतात आणि माणसं दर पावसाळ्याआधी छत चाळत बसतात. आमच्या घराने हे पुष्कळ वर्षं सोसलं. शेवटी नवरा कंटाळला आणि त्याने सरळ पत्र्याच्या टिना टाकल्या. माकडं हरली, पण आम्हीही हरलो. मे महिन्यात दुपारी सासूबाईंच्या खोलीत गंजात, म्हणजे पातेल्यात, डाळ-पाणी घालून ठेवलं असतं तर चूल पेटवायची गरज पडली नसती. कूलर होता, पण विजेची लाइन असली तर.

मागच्या उन्हाळ्यात त्या खोलीत बाईंना लू लागली. सासूबाईंना आम्ही सगळे बाईच म्हणतो. दुपारी चहा घेऊन गेले तर बाई भिंतीकडे तोंड करून पडलेल्या, अंग तव्यासारखं तापलेलं आणि बोलणं असंबद्ध. मला त्यांनी त्यांच्या बहिणीच्या नावाने हाक मारली. सिंदेवाहीला दवाखान्यात नेलं, सलाइन लागलं, बाई वाचल्या. डॉक्टर म्हणाले, या वयात पुन्हा असं झालं तर सांगता येणार नाही, यांना तापत्या खोलीत ठेवू नका. भासरे नागपूरला राहतात. त्यांच्याकडे वरच्या मजल्यावर नसला तरी खालच्या मजल्यावर एसी आहे. त्यांनी त्याच दिवशी ठरवलं की पुढचा उन्हाळा यायच्या आत आईला नागपूरला न्यायचं, आणि एकदा नेलं की कायमचं.

त्यांचं चुकत नव्हतं, हेच तर मला सहन होत नव्हतं. आई माझी लहानपणीच गेली. लग्न होऊन आले तेव्हा मला धड भात वेळता येत नव्हता, आणि बाईंनी कुणाला न सांगता महिनाभर माझ्या नावावर स्वतः स्वयंपाक केला. आमचं पटतं असं नाही. मी तापट आणि त्या हट्टी. कडाक्याचं भांडण झालं की आम्ही एकमेकींशी बोलत नाही, गाईशी बोलतो. मी गाईला सांगते, "पाह्य वं, काही लोकायले किती समजावलं तरी समजत नाई." मग थोड्या वेळाने बाई गाईपाशी जातात आणि सांगतात, "शिकलेल्या लोकायले वाटते का सारी अक्कल आपल्यालेच हाये." गाय दोघींचं ऐकून घेते. बाई गेल्या असत्या तर मी भांडून कुठे गेले असते? मला बाई हव्या होत्या, माझ्या स्वतःसाठी हव्या होत्या.

बाईंना विचारलं तर त्या एकच सांगत, "मी का आता जास्त दिवसाची हावो? जिथी ठेवसान तिथी राहीन." हे त्यांचं पालुपदच होतं. नवीन लुगडं आणलं की "मी का आता जास्त दिवसाची हावो." अंगणात आंब्याचं रोप लावायला निघाले तर म्हणाल्या, "आंबे खायले मी का राहीन?" लोणचंसुद्धा लहान बरणीत, एवढंसं. पुढच्या वर्षाचं नाव त्या काढतच नसत. पण नागपूरला जायचं म्हटलं की त्यांचे डोळे अंगणातल्या निंबाकडे जात, हे मला दिसत होतं.

तर त्या दिवशी अंगणात भासरे म्हणाले, "होळी झाली का मी येतो अन् आईले घेऊन जातो."

मी म्हटलं, "अक्षय तृतीया झाल्यावर या. भर उन्हाळ्यात या. खोली तपलेली दिसली त मी स्वतः त्यायची पेटी उचलून तुमच्या गाडीत ठेवीन."

"अन् तू का करशीन? टिनाले झाडाखाली नेऊन ठेवशीन?"

 बाईच मधे बोलल्या. "बरं, राहू दे. खोली तपली त मी गुपचूप येईन बाप्पा. रडनार नाई, काई नाई." भासऱ्यांनी मान डोलावली. ते शब्दाचे पक्के आहेत आणि बाई त्यांच्याहून पक्क्या. आता खोली थंड करणं एवढंच माझ्या हातात उरलं, आणि ती कशी करायची याचा मला पत्ता नव्हता.

धानाच्या तनशीवर, म्हणजे पेंढ्यावर, धिंगरी आळंबी घ्यायचं मी सिंदेवाहीला शिकून आले होते. गोठ्याला लागून झोपडी केली आहे, तिथे तनशीने भरलेल्या पिशव्या टांगलेल्या असतात. आळंबी निघून झाली की पिशवी खताच्या खड्ड्यात जाते. त्यातली एक पिशवी कधीतरी धानाच्या कोठीमागे पडली आणि तिथेच वाळली. हिवाळ्यात बाईंना ती सापडली. हातात हलकी, ठोकली तर लाकडासारखी वाजणारी. त्यांनी तिचा चपटा तुकडा कापून चुलीपाशी ठेवला आणि त्यावर तापलेले गंज उतरवून ठेवू लागल्या. एक दिवस भाताचा गंज त्यावर ठेवून त्यांनी मला हाक मारली.

"याच्या खालून हात लावून पाह्य."

मी हात घातला. वर वाफाळता भात, आणि खाली जमीन गारच्या गार.

मी त्या तुकड्याकडे पाहत राहिले. आळंबीचे पांढरे धागे तनशीच्या काडीकाडीत शिरून त्यांनी ती विणून टाकली होती, आणि त्यातली हवा आतल्या आत अडकून राहिली होती. त्या रात्रभर माझ्या डोक्यात टिनाच होत्या. मोबाइलवर शोधलं तर जगात कुठेकुठे लोक हेच करताना दिसले. आळंबीच्या धाग्यांच्या विटा, फळ्या, छताच्या पाट्या. त्याला सिमेंट लागत नाही, भट्टी लागत नाही, आणि कामातून गेली की पाटी शेतात टाकून माती होते. आमच्याकडे तनशीला काही तोटा नाही. सिंदेवाहीला आम्हाला शिकवणाऱ्या सरांना फोन केला. ते म्हणाले, करून बघा, पण त्यावर वजन टाकू नका, चुलीपासून आणि पाण्यापासून लांब ठेवा, आणि धागे पूर्ण भरले की कडक वाळवून मारून टाका, नाहीतर ते तिथेच वाढत बसतील.

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "म्हंजे आता छतबी तूच शिजवशीन." पण त्याने जुन्या खोक्यांच्या फळ्यांचे साचे करून दिले. बाईंना मी उत्साहाने सांगितलं, "बाई, आपन तुमच्या खोलीले बुऱ्याचं छत लावू."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी जणू छताला साप लावणार होते. बुरशीला आमच्याकडे बुरा म्हणतात, आणि बाईंच्या घरात बुऱ्याला थारा नाही. लोणच्याच्या बरणीच्या काठावर पांढरा ठिपका दिसला तरी त्या हळद-मिठाच्या फडक्याने पुसतात, ऊन दाखवतात, आणि तरीही मन मानलं नाही तर अख्खी बरणी उकिरड्यावर. ओल्या पापडाला बुरा लागला म्हणून त्यांनी एकदा स्वतःच्या बहिणीला चार शब्द सुनावले होते. माझं ऐकून बाई आपल्या कामाला लागल्या. मला वाटलं, पटलं.

तनस कापली, भिजवली, ड्रममध्ये उकळली, निथळली. त्यात आळंबीचं बियाणं मिसळून साचे भरले, वर प्लास्टिक घातलं आणि आतल्या अंधाऱ्या खोलीत रांगेने ठेवले. मग नागभीडला एका लग्नाला गेले. परत आले तेव्हा अंगणात खाटेवर, पापड घालावेत तशा सगळ्या पाट्या उन्हात मांडलेल्या होत्या. बाई शेजारी बसून कावळे हाकत होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर काम उरकल्याचं समाधान होतं.

"बुरा लागला होता वं साऱ्यायले," त्या म्हणाल्या. "पांढराफेक. तू नाई म्हनून म्याच निस्तरलं. हळद-मिठानं पुसलं, एकेक."

मी एक पाटी उचलली. ती माझ्या हातात चुरून खाली पडली. दुसरी उचलली, तीही. धागे भरायला सुरुवात होते ना होते तोच बाईंनी त्यांना हळदीने न्हाऊ घातलं होतं. मी काय काय बोलले ते आता आठवत नाही, गाईला आठवत असेल. बाईंनाही राग आला. त्या गाईपाशी जाऊन म्हणाल्या, "माह्या लेकराच्या घरात बुरा टांगाले निघाली, अन् म्या पुसला त मलेच बोलते." दोन-तीन दिवस गोठ्यात आमची पाळीपाळीने ये-जा चालली. उन्हाळा जवळ येत होता. खरं सांगते, मी मनातून खचले होते.

मग एका संध्याकाळी मी चुलीपाशी बसले होते आणि बाई दही लावत होत्या. कोमट दुधात बोट घालून पाहिलं, चमचाभर विरजण घातलं, भांडं फडक्यात गुंडाळलं आणि कोठीच्या कोपऱ्यात नेऊन ठेवलं. जाताजाता कुणाला तरी दटावलं, म्हणजे मलाच दटावलं, की आता इकडे फिरकू नका, हललं तर लागणार नाही. हे मी लग्नापासून रोज पाहत आले आहे. त्या दिवशी मात्र माझ्या तोंडून निघून गेलं, "बाई, म्या तनशीत जे टाकलं होतं ना, तो बुरा नोव्हता. ते विरजन होतं."

बाई वळल्या. "विरजन?"

"हो. दुधाचं दही होते ना, तशी तनशीची पाटी होते. उबेत ठेवाचं, हलवाचं नाई, झाकून ठेवाचं. पांढरं दिसते ते लागलेलं विरजन हाये."

त्यांनी कोपऱ्यातल्या भांड्याकडे पाहिलं. मग इतक्या दिवसांत पहिल्यांदा गाईला सोडून माझ्याशी नीट बोलल्या. "मंग तसं सांगाचं ना वं. बुरा काऊन म्हनतं? विरजन म्हटलं असतं त म्या पुसलं असतं का?"

त्यानंतर ते काम माझं राहिलंच नाही. दुसऱ्या खेपेला मी फक्त तनस उकळली, बाकी सगळं बाईंनी केलं. आंघोळ केल्याशिवाय साच्याला हात लावायचा नाही. नवऱ्याने बिडी ओढून त्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. प्लास्टिकवर त्यांनी स्वतःची वाकळ पांघरली आणि दाराला कडी घातली. मी डोकवायला गेले की म्हणत, "दह्याचं झाकन तू घडीघडी उघडून पाहतं का?" शेजारीण एकदा दिवे लागल्यावर बियाण्याची चिमूट मागायला आली, तिलाही घालवून दिलं. दिवेलागणीनंतर विरजण कुणाला देत नसतात, हा आमचा नियम आता आळंबीलाही लागू झाला.

पाट्या भरल्या. पांढऱ्याशुभ्र, कडेपर्यंत. बाईंनी एक नाकाशी नेली आणि डोळे मिटले. "सात्यायचा वास येते," म्हणाल्या. त्यांचं माहेर आलापल्लीकडचं. तिथल्या सागाच्या रानात वारुळांवर उगवणाऱ्या आळंबीला सात्या म्हणतात. लहानपणी दोघी बहिणी पहाटे टोपली घेऊन निघायच्या, आणि सापडल्या की ओरडायचं नाही असं त्यांच्या आईचं सांगणं होतं, ओरडलं की दुसऱ्यांना जागा कळते. धाकटी बहीण हमखास ओरडायची. बाई बोलत राहिल्या आणि मी पाट्या उलथायच्या विसरून ऐकत राहिले.

वाळवायचा प्रश्न टिनांनीच सोडवला. ज्या टिनांनी बाईंना लू लावली त्यांच्यावरच आम्ही पाट्या मांडल्या, आणि चैत्राच्या उन्हात त्या अशा कडकडीत झाल्या की टिचकी मारली तर टणटण वाजत. माकडं आलीच. एकाने पाटी उचलून चावली, तोंड वाकडं केलं आणि आमच्या अंगावर फेकून दिली. नवरा म्हणाला, "पास झाली. माकडानं सोडली म्हंजे टिकते." मग त्याने टिनांच्या खाली हातभर जागा सोडून बांबूच्या कमच्यांचा ताटवा, जाळीसारखा, बांधला, त्यावर पाट्या बसवल्या, आणि खालून आम्ही दोघींनी पांढऱ्या मातीचा हात फिरवला. खिडकीकडच्या कोपऱ्यात एक पाटी कमी पडली. तिथे बाहेरच्या निंबाची सावली टिनावर असते. बाई आतून फडक्यात गुंडाळलेली एक पाटी घेऊन आल्या. "हे माह्या डोक्यावरच्या जागेवर लाव. वाळली हाये," म्हणाल्या. हातातली माती सुकत होती म्हणून मी ती न पाहताच लावून टाकली.

मे महिना लागला आणि भासरे आले. बाईंनी सकाळीच पेटी भरून दाराशी ठेवली होती. मी विचारलं, "आतापासून काऊन?" तर म्हणाल्या, "बोलली होती ना मी." जेवणं झाली. भासऱ्यांनी खोलीच्या दारात उभं राहून वर पाहिलं आणि "जरा पाठ टेकतो" म्हणून बाईंच्या खाटेवर आडवे झाले.

आम्ही तिघं बाहेर निंबाखाली बसलो. ऊन असं होतं की कोंबड्यासुद्धा सावली सोडत नव्हत्या. आत पंखा फिरत होता. तेवढ्यात लाइन गेली. पंख्याचा आवाज थांबला. आता ते घामाघूम होऊन बाहेर येणार आणि पेटी उचलणार. बाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही, नुसता माझा हात धरला.  आतून काही आवाज नाही. मग घोरणं ऐकू आलं. सावकाश, भरल्या पोटाचं घोरणं. नवरा तोंडावर दुपट्टा धरून हसू लागला. लाइन आली, पुन्हा गेली, घोरणं काही थांबलं नाही.

ते उठले तेव्हा ऊन उतरलं होतं. चहा घेताना पुन्हापुन्हा वर पाहत होते. "नागपूरले आमचा वरचा मजला गजब तपते," शेवटी म्हणाले. "आई, मलेबी देजो याचं विरजन."

बाईंनी तुळशीपाशी दिवा लावला होता. "आता दिवे लागले," त्या म्हणाल्या. "आता नाई देत. सकाळी घेजो."

सकाळी निघताना भासऱ्यांनी स्वतः वाकून दारातली पेटी उचलली, आत नेली आणि खाटेखाली सरकवली. मला एवढंच म्हणाले, "तू भांडतं चांगलं." मी त्यांच्या पाया पडले, आणि खोटं कशाला बोलू, रडलेही.

श्रावणात टिनांच्या एका स्क्रूपाशी पाणी झिरपलं. पाणी पुसायला बाईंच्या खोलीत गेले तर खिडकीकडच्या कोपऱ्यात, पांढरी माती फोडून, धिंगरीचा घोस लोंबत होता. ताजा, टपोरा, बरोबर बाईंच्या उशीवर. माझं डोकंच फिरलं. म्हणजे पाटी नीट वाळलीच नव्हती. इतकी मेहनत करून शेवटी एक कच्ची राहिली. मी स्टूल ओढलं, विळा घेतला आणि वर चढून बडबडू लागले की आता ही पाटी काढावी लागेल, फेकावी लागेल.

"हळू वं," खाटेवरून बाई म्हणाल्या. "भाजीपुरतं खूड. पाटीले हात लावू नोको. ते विरजन हाये."

"का?"

"म्या मुद्दामच नाई वाळवली ते. घरात सावलीत ठेवली होती. विरजन थोडं तरी ठेवाच लागते ना. तू साफसफाई करतं अन् सारं फेकतं, म्हनून डोक्यावरच लावली. कोनी फेकनार नाई." मग त्यांनी पाय खाटेवर घेतले आणि सहज म्हणाल्या, "पुढच्या वर्षी कोठ्यालेबी लावू. गायीलेबी गरमी होते."

मी विळा हातात धरून स्टुलावर तशीच उभी राहिले. पुढच्या वर्षी. बाई पुढच्या वर्षाचं बोलल्या होत्या, आणि त्यांच्या ते लक्षातही आलं नव्हतं.

"उतर ना आता," त्या म्हणाल्या. "अन् रस्सा तिखट कर."

मी भाजीपुरतं खुडलं, खाली उतरले, आणि गोठ्यात गेले. भांडण झालं नव्हतं, तरी गाईला सांगायचं होतं.